साखरेचं औषध, कमरेचं माप

'डायबेटिसचं औषध बारीक होण्यासाठी कशाला घ्यायचं?' हा प्रश्न गेली तीन-चार वर्षं जगभर विचारला जातो आहे. मार्च 2026 मध्ये सेमाग्लुटाइड या औषधाच्या पेटंटची भारतातली मुदत संपली, देशी कंपन्यांना वाट मोकळी झाली आणि हा प्रश्न आपल्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात येऊन पोचला. प्रश्नातच एक आरोप दडलेला आहे. खऱ्या रोग्याच्या हक्काचं औषध कुणीतरी हौसेपायी पळवतो आहे, असा त्याचा सूर असतो. आरोपात काहीच तथ्य नाही असं नाही, पण त्यातली रेघ भलत्या जागी ओढलेली आहे. डायबेटिस आणि लठ्ठपणा यांच्यामध्ये भिंत नाहीच. रेघ ओढायचीच तर ती ज्याच्या शरीराला चरबीने अपाय होतो आहे तो माणूस आणि ज्याला फक्त आपला आरसा पसंत नाही तो माणूस, यांच्यामध्ये ओढायला हवी. आणि भारतीय शरीरावर ती ओढताना वजनकाटा आपल्याला हमखास फसवतो.

आधी हे औषध करतं काय ते पाहू. आपण जेवलो की आतड्यातल्या पेशींमधून जीएलपी-1 नावाचं हार्मोन रक्तात येतं. रक्तातली साखर चढलेली असेल तर ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं, जठरातलं अन्न सावकाश पुढे जाऊ देतं आणि मेंदूला कळवतं की आता पुरे. अडचण एवढीच की हे नैसर्गिक हार्मोन दोनेक मिनिटांत निकामी होतं. त्यावरचा उपाय सापडला तो एका सरड्यात. हिला मॉन्स्टर हा अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या वाळवंटात राहणारा विषारी सरडा. जॉन एंग या अमेरिकी संशोधकांना त्याच्या विषात या हार्मोनशी मिळतंजुळतं, पण जास्त वेळ टिकणारं द्रव्य सापडलं. त्यावरून बेतलेलं एक्सेनाटाइड 2005 मध्ये अमेरिकेत डायबेटिससाठी मंजूर झालं. ते दिवसातून दोनदा टोचावं लागे. त्याच गटातलं सेमाग्लुटाइड आठवड्यातून एकदा पुरतं. पेनासारखं उपकरण, अगदी बारीक सुई आणि पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली एक टोचणी. पहिले चार आठवडे पाव मिलिग्रॅम, मग मळमळ कितपत सोसवते ते बघत महिन्यामागे एकेक पायरी चढायची. वजनासाठीचा पूर्ण डोस 2.4 मिलिग्रॅमचा. औषध घेणारे बरेच जण सांगतात की डोक्यात सतत चालणारी खाण्याची कुरकुर थांबली. मराठीत पोट भरणं वेगळं आणि मन भरणं वेगळं. या औषधाचं खरं नवल दुसऱ्या कामात आहे.

हेच सेमाग्लुटाइड ओझेम्पिक या नावाने डिसेंबर 2017 मध्ये अमेरिकेत डायबेटिससाठी मंजूर झालं आणि वेगोवी या नावाने, जास्त डोसमध्ये, जून 2021 मध्ये वजनासाठी. ज्या चाचणीवर दुसरी मंजुरी आधारलेली होती तिच्यात 1961 माणसं होती, डायबेटिस कुणालाच नव्हता. 68 आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी 14.9 टक्क्यांनी उतरलं; खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांचं 2.4 टक्क्यांनी. नंतर आलेल्या टिर्झेपाटाइडने, म्हणजे मौंजारोने, 72 आठवड्यांत सर्वांत मोठ्या डोसवर वीस टक्क्यांच्या वर मजल मारली. गंमत अशी की डायबेटिस असलेल्यांवर सेमाग्लुटाइडच्या त्याच डोसची चाचणी झाली तेव्हा वजन सरासरी 9.6 टक्केच उतरलं. डायबेटिसचं म्हणून ओळखलं जाणारं औषध वजनाच्या बाबतीत डायबेटिस नसलेल्यांनाच जास्त लागू पडतं. आपल्याकडे तर नावांची आणखी उलटापालट झाली. सेमाग्लुटाइडची गोळी भारतात 2022 पासून होती, पण इंजेक्शनांपैकी वजनासाठीचं वेगोवी जून 2025 मध्ये आधी आलं आणि डायबेटिससाठीचं ओझेम्पिक त्यानंतर सहा महिन्यांनी. कुणी कुणाचं औषध पळवलं म्हणायचं?

टाइप 2 डायबेटिस हा मोठ्या प्रमाणात भलत्या जागी साठलेल्या चरबीचा आजार आहे. यकृतात, स्वादुपिंडात, पोटातल्या अवयवांभोवती चरबी साठली की इन्शुलिनला कुणी दाद देईनासं होतं. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' चाचणीत डायबेटिस होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्यांना काही महिने अगदी कमी उष्मांकांचा आहार दिला, औषधं थांबवली. वर्षाअखेरीस 46 टक्के लोकांचा डायबेटिस ओसरलेला होता, आणि ज्यांनी 15 किलो किंवा त्याहून जास्त वजन उतरवलं त्यांच्यापैकी 86 टक्क्यांचा. औषधाच्या बाजूने पाहिलं तरी हेच दिसतं. टिर्झेपाटाइडची एक चाचणी डायबेटिसच्या उंबरठ्यावर असलेल्या जादा वजनाच्या हजारभर लोकांवर सुमारे तीन वर्षं चालली. तेवढ्या काळात खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी 13.3 टक्क्यांना डायबेटिस झाला. औषध घेणाऱ्यांपैकी 1.3 टक्क्यांना. मग या माणसांनी औषध 'वजनासाठी' घेतलं की 'डायबेटिससाठी'? साखर वाढून रिपोर्ट लाल होईपर्यंत थांबा, मग हे औषध तुमच्या हक्काचं, असं सांगणं म्हणजे छप्पर गळून भिंती ओल्या झाल्यावरच कौलं शाकारायची परवानगी देण्यासारखं आहे. जुन्या औषधांचा हिशेब इथे आठवावा. सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या आणि इन्शुलिन साखर उतरवतात, पण वजन वाढवतात. साखरेचा आकडा उतरला म्हणून वाढतं पोट नजरेआड करण्याची सवय वैद्यकालाही बराच काळ होती.

वजनासाठी हे औषध घेण्यावरचा पहिला आक्षेप टंचाईचा, आणि तो खरा होता. 2022 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सेमाग्लुटाइडची टंचाई जाहीर केली, ब्रिटनमध्ये 2023 च्या जुलैत देशभर इशारा द्यावा लागला, आणि डायबेटिसच्या रोग्यांना ठरलेला डोस मिळेनासा झाला. त्या काळात चार किलो उतरवायला ओझेम्पिक घेणाऱ्याने कुणाचा तरी घास हिरावला, हे मान्य करायलाच हवं. तुटवड्यात आधी कुणाला, याचं उत्तर डायबेटिसवाल्याच्याच बाजूने जायला हवं. पण कारखाने वाढले, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकेत ही टंचाई संपल्याचं जाहीर झालं. टंचाई हा पुरवठ्याचा दोष होता. त्यावरून लठ्ठ माणसाचा औषधावर हक्कच नाही असा निष्कर्ष काढता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त चिवट आहे, कारण तो नैतिक आहे. तोंडावर ताबा ठेवा, चालायला जा, इंजेक्शनं कसली घेता? ताबा ठेवणारे लोक असतात आणि त्यांचं कौतुकच आहे. पण शरीर उतरलेलं वजन मुकाट्याने मान्य करत नाही. अमेरिकेतल्या 'द बिगेस्ट लूझर' या टीव्ही स्पर्धेतल्या 14 स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी झाली. बहुतेकांचं वजन बऱ्यापैकी परत आलेलं होतं आणि तरीही त्यांचं शरीर बसल्याजागी दिवसाला अपेक्षेपेक्षा सुमारे 500 कॅलरी कमी जाळत होतं. म्हणजे भूक वाढलेली आणि खर्च घटलेला. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला 'मीठ सोडून बघितलंस का?' एवढं विचारून आपण थांबतो. त्याने गोळी घेतली म्हणून त्याला आळशी ठरवत नाही. तो न्याय इथेही लावायला हरकत नसावी.

बारीक करणाऱ्या औषधांचा इतिहास मात्र काळाच आहे, आणि ज्यांना तो ठाऊक आहे त्यांची धास्ती समजण्यासारखी आहे. 1930 च्या दशकात डायनायट्रोफेनॉलने अमेरिकेत लोकांचे डोळे गेले आणि काहींचे जीव गेले. मग ॲम्फेटामाइन आलं. फेनफ्लुरामाइन हृदयाच्या झडपा बिघडवतं म्हणून 1997 मध्ये मागे घ्यावं लागलं. सिब्युट्रामाइनने हृदयविकाराचा धोका वाढतो हे मोठ्या चाचणीत दिसल्यावर 2011 मध्ये भारतातही त्यावर बंदी आली. आताच्या औषधांचा फरक नेमका याच मुद्द्यावर आहे. हृदयविकार असलेल्या, वजन जास्त असलेल्या पण डायबेटिस नसलेल्या 17,604 लोकांवर सेमाग्लुटाइडची चाचणी झाली. सरासरी सव्वातीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांपैकी काहीतरी खोट्या इंजेक्शनाच्या गटात 8 टक्क्यांना झालं, औषधाच्या गटात 6.5 टक्क्यांना. जाहिरातीत हे 'वीस टक्के घट' म्हणून येतं, आणि ते खोटं नाही. पण दुसऱ्या भाषेत सांगायचं तर एक अशी घटना टाळायला सुमारे 67 जणांनी सव्वातीन वर्षं औषध घ्यावं लागलं. आधीच हृदयविकार असलेल्यासाठी हा फायदा भरघोस आहे. तिशीतल्या धडधाकट माणसाला तो आकडा दाखवून औषध विकणं ही फसवणूक आहे. त्रासही आहेतच. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता हे नेहमीचे. पित्ताशयातले खडे त्यांच्या मागोमाग. स्वादुपिंडाचा दाह क्वचित. डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा अडून दृष्टी जाण्याचा प्रकार अतिशय दुर्मिळ, दहा हजारांत फार तर एक, असं युरोपच्या औषध संस्थेने जून 2025 मध्ये नमूद केलं. थायरॉइडच्या मेड्युलरी कॅन्सरचा इतिहास घरात असेल तर हे औषध घ्यायचंच नाही.

इथवरचा वाद जगात कुठेही असाच होईल. आपल्याकडे त्याला वेगळं वळण मिळतं ते पुण्यामुळे. तिथल्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. पुण्याकडची बाळं सगळ्याच बाबतींत लहान असतील असं कुणालाही वाटेल, पण तसं नव्हतं. स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते. कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. हडकुळं दिसणारं बाळ आतून चरबी राखून जन्माला येत होतं. पुढे 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक पानभर मजकूर आणि एक फोटो छापून आला, तो आता जगभर शिकवला जातो. दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे आहेत, लंडनचे जॉन युडकिन आणि पुण्याचे याज्ञिक. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के. काट्याच्या हिशेबी दोघेही सडपातळ. हा प्रकार 'थिन-फॅट इंडियन' म्हणून ओळखला जातो. आपल्याकडे काटकुळे हातपाय आणि सुटलेलं पोट घेऊन फिरणारी माणसं प्रत्येक लोकलच्या डब्यात भेटतात, फक्त त्यांना लठ्ठ कुणी म्हणत नाही.

आता हे चित्र वेष्टणावरच्या अटींशी ताडून पाहा. वेगोवी भारतात मंजूर झालं ते बीएमआय 30 किंवा त्याहून जास्त असलेल्यांसाठी, किंवा 27 वा त्याहून जास्त असून वजनाशी जोडलेला एखादा आजार असलेल्यांसाठी. हे आकडे पाश्चात्त्य शरीरांवरून आलेले आहेत. भारतीयांसाठी 23 ला जादा वजन आणि 25 ला लठ्ठपणा धरावा हे इथले डॉक्टर कितीतरी वर्षं सांगत आले आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत 10.1 कोटी लोकांना डायबेटिस आणि 13.6 कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज निघाला. बीएमआय 25 धरूनही लठ्ठ 25.4 कोटी भरले, आणि पोटाचा घेर वाढलेले 35.1 कोटी. या दोन आकड्यांमधली तफावत म्हणजे ज्यांना काटा सोडून देतो पण टेप पकडते ती माणसं. पन्नाशीचा, बीएमआय 26 चा, घेर 98 सेंटिमीटरचा, यकृतात चरबी आणि साखर उंबरठ्यावर असलेला माणूस वेष्टणाच्या अटीत बसत नाही. 31 बीएमआयचा, कमावलेल्या शरीराचा, बाकी सगळे रिपोर्ट नीट असलेला पहिलवान मात्र बसतो.

मग अट सैल करून सगळ्या पोटवाल्यांना इंजेक्शन द्यावं का? इथे पुण्याचा अभ्यास उलट्या बाजूनेही बोलतो, आणि मला वाटतं या वादातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच आहे. वजन उतरतं तेव्हा नुसती चरबी जात नाही. सेमाग्लुटाइडच्या त्या पहिल्या मोठ्या चाचणीत ज्यांचं स्कॅन केलं, त्यांच्या उतरलेल्या वजनात सुमारे चाळीस टक्के वाटा चरबी नसलेल्या भागाचा होता. हे सगळं स्नायूच असतात असं नाही, त्यात पाणी आणि इतर ऊतीही मोजल्या जातात. आणि नुसता आहार कमी केला तरी काही स्नायू जातातच, असं औषधाची बाजू घेणारे म्हणतात ते बरोबर आहे. पण ज्याची स्नायूंची शिल्लक भरपूर आहे त्याला हा खर्च परवडतो. जो जन्मतःच कमी स्नायू घेऊन आला, त्याच्या खात्यात काढायला आहेच किती? त्यात आपलं ताट. सकाळी पोहे, दुपारी चपाती-भाजी आणि भातावर पातळ वरण, चारला चहा-बिस्किट, रात्री पुन्हा तेच. एवढ्या ताटात प्रथिनं आधीच तुटपुंजी. औषधाने भूक अर्ध्यावर आली की माणूस दोन घास चपातीचे खातो आणि आमटीची वाटी तशीच राहते. दिसायला बारीक, जिना चढताना मांड्या लटपटणारा, असा माणूस तयार करायला चार महिने पुरतात. म्हणून आपल्याकडे या औषधाच्या चिठ्ठीवर डाळ, दूध, पनीर, अंडं किंवा मासळी यांचा हिशेब आणि वजनं उचलण्याचा व्यायाम डोसइतक्याच ठळकपणे लिहिलेला असायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेनेही डिसेंबर 2025 मध्ये लठ्ठपणासाठी या औषधांची शिफारस केली ती सशर्त, आणि आहार-व्यायामाची जोडही सुचवली.

'किती दिवस घ्यायचं?' या प्रश्नाचं उत्तर दुकानदार देत नाही. सेमाग्लुटाइडच्या त्याच चाचणीतल्या काहींवर औषध थांबवून वर्षभर नजर ठेवली, तेव्हा उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. रक्तदाबाची गोळी थांबवली तर दाब वाढतो, तसंच हे. त्यामुळे औषध वाईट ठरत नाही, पण 'लग्नाआधी चार महिने' हा बेत निरर्थक ठरतो. उलट त्या बेतात एक धोका आहे. गर्भधारणेचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं, आणि टिर्झेपाटाइड गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी करू शकतं. हे नवऱ्या मुलीला कुणी सांगितलेलं असतं का? खर्चाचं म्हणाल तर वेगोवीचा पहिला डोस बाजारात आला तेव्हा आठवड्याला 4,336 रुपयांचा होता, पाच महिन्यांत तो 2,712 वर आणला गेला, आणि पेटंट संपल्यानंतर चढाओढ देशी कंपन्यांची. स्वस्ताई चांगलीच. गरजू माणसाला दहा वर्षं औषध परवडायचं असेल तर ती हवीच. पण वस्तू स्वस्त झाली की ज्यांना तिची गरज नाही तेच आधी रांग लावतात, आणि मागे चिठ्ठीविना विकणारा, भेसळ करणारा उभा असतो. बनावट ओझेम्पिकबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने जून 2024 मध्येच इशारा दिला होता.

कायद्याची सोय आपल्याकडे फार जुनी आहे. 1954 च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या जाहिरातींविषयीच्या कायद्यात, ज्या आजारांवरच्या उपायांची जाहिरात करता येत नाही त्यांची यादी आहे. त्या यादीत डायबेटिसही आहे आणि लठ्ठपणाही. दोघांना एका पंक्तीला बसवण्याचं शहाणपण काही दशकांपूर्वीच दाखवलेलं होतं. आता ते अमलात आणायचं काम औषध प्रशासनाचं. 'वजनाबद्दल जागरूकता' या नावाखाली चालणाऱ्या प्रचारालाही हा कायदा लागतो का, हे त्याने एकदा स्पष्ट करावं, आणि चिठ्ठीशिवाय पेन विकणाऱ्या दुकानाचा परवाना जावा.

वाचकाने एवढं करावं. पेनाची किंमत विचारण्याआधी घरातली शिवणाची टेप घ्यावी, सरळ उभं राहून, श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध घेर मोजावा. पुरुषाचा 90 सेंटिमीटरच्या आणि बाईचा 80 च्या आत असेल, साखर, रक्तदाब, यकृत ठीक असेल, तर या इंजेक्शनाशी तुमचं काही काम नाही. त्याहून जास्त असेल तर डॉक्टरांकडे जा, आणि वजन किती उतरेल हे विचारण्याआधी विचारा की माझे स्नायू कसे मोजणार, आणि औषध थांबवायचं कधी व कसं. या दोन प्रश्नांना उत्तर न देणाऱ्याकडून चिठ्ठी घेऊ नका.